३५ हजारांत बीसीएससाठी लॅपटॉप: नवा आय३ घ्यावा की रिफर्बिश्ड थिंकपॅड?

माणदेशी

नमस्कार मंडळी. पुतणीला यंदा बीसीएसच्या (संगणकशास्त्राची पदवी) पहिल्या वर्षाला प्रवेश मिळालाय, तिच्यासाठी लॅपटॉप घ्यायचा आहे. बजेट ३५ हजार, फारच ओढूनताणून ३८. सांगोल्याजवळच्या गावातून रोज एसटीने जा-ये आहे, त्यामुळे वजनाचाही विचार हवा. अभ्यासक्रमात सी, पायथन, डेटाबेस, पुढे जावा आणि शेवटच्या वर्षाला बहुधा अँड्रॉइडचा प्रोजेक्ट. गेम नाहीत, व्हिडिओ एडिटिंग नाही. पदवीनंतर एमसीए करायचं म्हणते, म्हणजे पाच वर्षं तरी ओढायला हवा.

दुकान आणि ऑनलाइन मिळून चार पर्याय समोर आहेत:

१) नवा, सेलेरॉन एन४५००, ८ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी – २२,९९०
२) नवा, रायझन ३ ७३२०यू, ८ जीबी, ५१२ जीबी – ३१,९९०
३) नवा, कोअर आय३-१२१५यू, ८ जीबी, ५१२ जीबी – ३६,५००
४) रिफर्बिश्ड थिंकपॅड टी४८०, कोअर आय५-८३५०यू, १६ जीबी, ५१२ जीबी – २३,५००, दुकानाची सहा महिन्यांची वॉरंटी

दुकानदार म्हणतो, चौथा डोळे झाकून घ्या, आय५ म्हणजे आय३च्या वरचाच. भाऊ म्हणतो, लेकीला जुनी वस्तू नको. कोणाचं ऐकू?

खटपट्या

दादा, पहिला पर्याय आत्ताच यादीतून काढा. एन४५००ला दोनच कोअर (काम करणारे हात) आणि दोनच थ्रेड (एका वेळी चालणारी कामं). पडद्यामागे विंडोज ११चं अपडेट सुरू झालं, त्यात अँटिव्हायरसची तपासणी लागली की प्रोसेसर १०० टक्क्यांवर जाऊन बसतो आणि साधा ब्राउझर उघडायलाही ताटकळावं लागतं. ८ जीबी रॅम आहे म्हणून त्यात फरक पडत नाही, कारण अडतंय ते रॅममुळे नाहीच. याच भावातल्या काही मॉडेलांत तर एसएसडीऐवजी ईएमएमसी ही संथ साठवण असते, ६४ किंवा १२८ जीबीची, बोर्डावरच सोल्डर केलेली. ती बदलता येत नाही, आणि ६४ जीबीवर विंडोजची मोठी अपडेट जागेअभावी अडून बसतात.

आता दुकानदाराचं 'आय५ म्हणजे वरचा'. एकाच पिढीत तुलना केली तर बरोबर, नाहीतर नाही. पिढी आकड्यात दिलेली असते: ८३५०यू आठव्या पिढीचा, १२१५यू बाराव्या पिढीचा. पहिल्यात ४ कोअर, ८ थ्रेड. दुसऱ्यात २ मोठे आणि ४ छोटे मिळून ६ कोअर, थ्रेड तेवढेच ८. पण बाराव्या पिढीतला एकेक मोठा कोअर आठव्या पिढीतल्यापेक्षा चांगलाच वेगवान आहे, आणि ब्राउझर, एडिटर, छोटे प्रोग्रॅम कंपाइल करणं या रोजच्या कामांत एका कोअरचा वेगच जास्त जाणवतो. थोडक्यात, इथे आय३ आय५ला मागे टाकतो. म्हणून चौथा पर्याय वाईट ठरत नाही, पण दुकानदाराने दिलेलं कारण चुकीचं आहे.

एएमडी कंपनीच्या रायझनच्या नावातही गोम आहे. ७००० मालिकेत पहिला आकडा फक्त वर्ष सांगतो, आतला कोअर कुठला ते तिसऱ्या आकड्यावर कळतं. २ असेल तर झेन २, ३ असेल तर झेन ३, ४ असेल तर झेन ४. म्हणजे ७३२०यू बाजारात नवा, पण त्यातली रचना २०१९ची. ७५२०यूला 'रायझन ५' म्हणतात, तोही ४ कोअरचा झेन २च. ७५३०यू मात्र ६ कोअरचा झेन ३. एका आकड्याचा फरक आणि यंत्र पार वेगळं. ७३२०यूबद्दल माझी मोठी तक्रार वेगळीच आहे: त्याच्यासोबत एलपीडीडीआर५ रॅम येते आणि ती सोल्डर केलेली असते. ८ जीबी घेतलात तर पाचही वर्षं ८ जीबीच.

इंटेलही मागे नाही. 'कोअर ३ १००यू' आणि 'कोअर ३ एन३५५' ही नावं शेजारी शेजारी दिसतील. यूवाल्यात २ मोठे, ४ छोटे कोअर. एनवाल्यात आठही छोटे. 'आय३-एन३०५' त्याच घरातला. हे एनवाले सेलेरॉनपेक्षा कितीतरी बरे, पण आय३-१२१५यूच्या भावात कोणी गळ्यात मारत असेल तर घेऊ नका.

निवडताना एवढंच बघा की नंतर काय बदलता येणार नाही. प्रोसेसर बदलता येत नाही, सोल्डर केलेली रॅम बदलता येत नाही, आणि स्वस्तातल्या नव्या लॅपटॉपची स्क्रीन बदलणं परवडत नाही. पैसे तिथे टाका. एसएसडी लहान असली, बॅटरी थकली, तर ते पुढे बघता येतं.

स्क्रूड्रायव्हर

खटपट्यांचं शेवटचं वाक्य धरूनच मी चौथ्या पर्यायाकडे झुकतो. टी४८०ला रॅमचे दोन्ही स्लॉट सुट्या स्टिकचे, म्हणजे सोल्डर काहीच नाही. एसएसडी बदलता येते, कीबोर्ड वेगळा मिळतो, खालचं झाकण सहा स्क्रूंत सुटतं. शिवाय दोन बॅटऱ्या: आत २४ वॅट-अवरची आणि मागे काढता-घालता येणारी, २४, ४८ किंवा ७२ची. बाहेरची काढली तरी आतली लॅपटॉप चालू ठेवते. लाईट जाणाऱ्या गावात याचं मोल कळतं.

आठव्या पिढीच्या खाली मात्र जाऊ नका, कितीही स्वस्त मिळो. सहाव्या-सातव्या पिढीच्या यू मालिकेतल्या आय५ला दोनच कोअर होते, आठवीत ते चार झाले. आणि विंडोज ११साठी मायक्रोसॉफ्टने इंटेलची रेषा आखलीय तीही जवळपास तिथेच, आठव्या पिढीपासून पुढे. विंडोज १०चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. म्हणूनच सध्या सहाव्या-सातव्या पिढीचे ढीग 'आय५, १६ जीबी, फक्त १४ हजार' म्हणून विकायला आलेत. जाहिरातीत पिढी लिहिलेली नसेल तर जुनी आहे असंच धरून चाला.

रिफर्बिश्ड म्हणजे कंपन्यांनी तीन-चार वर्षं वापरून लिलावात काढलेला माल. बरेचदा पुसून, स्टिकर लावून दिलेला असतो, दुरुस्त केलेला असतोच असं नाही. म्हणून दुकानात बसून तपासायचं. अर्धा तास लागतो, दुकानदार कंटाळला तरी लागू द्या.

सुरुवात बायोसपासून, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगपासून. थिंकपॅडला चालू करताना एफ१ दाबायचं (डेलला एफ२, एचपीला एफ१०). आत जाताना सुपरवायझर पासवर्ड मागितला, तर मशीन खाली ठेवा आणि उठा. 'सेल काढला की जातो' असं सांगतील. थिंकपॅडवर जात नाही, पासवर्ड वेगळ्या चिपमध्ये असतो आणि कंपनीचा अधिकृत उपाय म्हणजे मदरबोर्ड बदलणे. तिथेच सिक्युरिटीमध्ये कॉम्प्युट्रेस किंवा ॲब्सोल्यूट नावाची ओळ बघा. ती 'ॲक्टिव्हेटेड' असेल तर यंत्रावर अजून जुन्या मालक कंपनीची नजर आहे. बायोसमधला सिरियल नंबर आणि तळाच्या स्टिकरवरचा नंबर जुळला पाहिजे. जुळत नसेल तर बोर्ड किंवा तळाचं झाकण बदललंय.

मग विंडोज रीसेट करायला लावा आणि सेटअप चालू असताना वायफाय जोडलेलं ठेवा. हे महत्त्वाचं. यंत्र जुन्या कंपनीच्या ऑटोपायलट यादीत (कंपनी दुरूनच लॅपटॉप ताब्यात ठेवते ती यादी) असेल तर सेटअपमध्ये त्या कंपनीचं नाव येतं आणि तिचा ईमेल-पासवर्ड मागतो. इंटरनेट न जोडता सेटअप करून दिलेल्या लॅपटॉपवर हे झाकलेलं राहतं, आणि घरी पुढच्या रीसेटला उघडं पडतं.

बॅटरीसाठी कमांड प्रॉम्प्ट उघडून 'पॉवरसीएफजी', एक जागा सोडून 'स्लॅश बॅटरीरिपोर्ट'. फाइल तयार होते, ती ब्राउझरमध्ये उघडा. 'डिझाइन कपॅसिटी' आणि 'फुल चार्ज कपॅसिटी' हे दोन आकडे शेजारी ठेवा. ७० टक्क्यांच्या खाली असेल तर नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून कापून मागा. सायकल काउंट शून्य किंवा दोन-तीन दिसत असेल तर नवी पण बिगर-कंपनीची बॅटरी टाकलीय असं समजा. अशांचे सुरुवातीचे आकडे छान दिसतात आणि सहा-आठ महिन्यांत बसतात, म्हणजे नेमकी दुकानाची वॉरंटी संपल्यावर.

एसएसडीला क्रिस्टलडिस्कइन्फो चालवा. हेल्थ ९० टक्क्यांच्या वर असेल तर निवांत. विंडोजच्या परवान्यासाठी 'एसएलएमजीआर', जागा, 'स्लॅश एक्सपीआर'. 'पर्मनंटली ॲक्टिव्हेटेड' आलं तर निदान मुदतीचं नाही. तारीख आली, तर ते १८० दिवसांचं कंपनी-परवान्याचं ॲक्टिव्हेशन आहे, म्हणजे पुढे कटकट.

शेवटी हात लावून: चार्जरची पिन हलवून बघा, चार्जिंग तुटतं का. टाइप-सी पोर्ट बोर्डावर सोल्डर असतो आणि सैल झाला की दुरुस्ती महाग पडते. टी४८०च्या थंडरबोल्टच्या फर्मवेअरमध्ये दोष होता, त्यामुळे काही यंत्रांत टाइप-सीवरून चार्जिंगच बंद पडायचं. लेनोवोने अपडेट दिलंय; घेतल्या घेतल्या लेनोवो व्हँटेजमधून ते टाकायचं. प्रत्येक की दाबा, प्रत्येक पोर्टला पेनड्राइव्ह लावा, पांढरी आणि काळी अशी पूर्ण स्क्रीन करून डाग बघा.

आकडेमोड

स्क्रूड्रायव्हर, यादी उत्तम, पण ती वाचूनच लक्षात येतं की ती खरेदी कोणाला जमण्यासारखी आहे. हे सगळं दुकानात बसून तपासणारं माणूस सोबत असेल तर टी४८०, नसेल तर नको.

हिशोबही पूर्ण करू या. २३,५०० ही सुरुवात. दोनही बॅटऱ्या थकलेल्या निघाल्या तर चार-पाच हजार धरा. चार्जर बहुतेक डुप्लिकेट मिळतो, चांगला ६५ वॅटचा घेतला तर आणखी दीड-दोन. म्हणजे तीसच्या घरात पोचलात, आणि हातात २०१८चं यंत्र. पाच वर्षांनी ते तेरा वर्षांचं असेल. दोन वर्षांसाठी हवं असतं तर मी वाद घातला नसता.

पण नव्यातही पाय घसरतो तो स्क्रीनवर. या किमतीत पानावर '१५.६ इंच फुल एचडी अँटी-ग्लेअर, २५० निट्स, ४५ टक्के एनटीएससी' लिहितात (निट्स म्हणजे स्क्रीनचा उजेड) आणि पॅनल कुठलं ते गाळतात: आयपीएस (कुठूनही बघा, रंग नीट) की टीएन (बघायचा कोन बदलला की रंग बिघडतात). आयपीएस असेल तर कंपनी ते मोठ्या अक्षरांत लिहिते. लिहिलेलं नसेल तर बहुधा टीएन. एचपीच्या तक्त्यात 'एसव्हीए' दिसलं तर तेही टीएनच. ओळखायची खूण सोपी: स्क्रीन मागे झुकवून समोरून बघा, रंग उलटे किंवा काळपट झाले की टीएन. दिवसाचे चार-पाच तास कोड वाचायचा तर आयपीएससाठी हजार-दीड हजार जास्त गेले तरी द्यावेत. ४५ टक्के एनटीएससी म्हणजे रंग फिके, पण कोड वाचायला त्याने काही बिघडत नाही. फोटोचं काम असतं तर सांगितलं असतं.

रॅमबद्दल. 'आधी ८ घ्या, पुढच्या वर्षी ८ टाका' हा सल्ला वर्षानुवर्षं बरोबर होता. २०२५च्या शेवटी मेमरीचे भाव भडकले, कारण कारखान्यांनी उत्पादन एआयच्या डेटा सेंटरकडे वळवलं. त्यामुळे '८ + नंतर ८' आणि 'आधीच १६' या दोन्हींच्या आजच्या किमती काढून मगच ठरवा. कधी कधी १६ जीबीचं मॉडेल फक्त तीन हजारांनी महाग असतं आणि सुटी ८ जीबीची स्टिक त्याहून महाग पडते.

नो-कॉस्ट ईएमआय घेणार असाल तर तीही पूर्ण फुकट नसते. व्याजाइतकी सूट मिळते खरी, पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि प्रोसेसिंग फी आपल्यावरच. ३६,००० रुपये, सहा हप्ते, १५ टक्के दर धरला तर व्याज दीड हजाराच्या आसपास, त्यावर जीएसटी पावणेतीनशे, आणि १९९ची फी जीएसटीसकट २३५. म्हणजे पाचशेच्या वर गेले. परवडत असेल तर कार्डाच्या ऑफरवर एकरकमी घ्या.

माणदेशी

सगळ्यांचे आभार. आज दुकानात जाऊन बघून आलो. टी४८०ची स्क्रीन १३६६ बाय ७६८ निघाली. त्याच भावात डेल लॅटिट्यूड ७४९० पण आहे म्हणतो. आय३-१२१५यूवाला लेनोवोचा आहे. रॅम वाढते का विचारलं तर 'वाढते हो, सगळ्यात वाढते' एवढंच उत्तर मिळालं. आणि खरंच १६ जीबी लागेल का? कॉलेजच्या पत्रकात 'किमान ८ जीबी' लिहिलंय.

प्रॅक्टिकलवही

दादा, पहिली दोन वर्षं ८ जीबीवर काहीही अडणार नाही. सी साठी कोडब्लॉक्स किंवा व्हीएस कोड, पायथन, पोस्टग्रेस किंवा मायएसक्यूएल, हे सगळं मिळून एक-दीड जीबीत बसतं. विंडोज ११ स्वतः सुरू झाल्यावर तीन-चार जीबी घेऊन बसलेलं असतं, क्रोमच्या दहा टॅब म्हणजे आणखी दीड-दोन. हिशोब आठच्या आत राहतो, पण काठावर.

जावासाठी इंटेलिजे हा जड एडिटर उघडला की काठ ओलांडतो. इक्लिप्सवर किंवा व्हीएस कोडवर राहिलं तर निभतं. अँड्रॉइड स्टुडिओला गूगलने नुसत्याला किमान ८ आणि एमुलेटरसकट (लॅपटॉपवरच चालणारा नकली फोन) किमान १६ जीबी सांगितलीय, आणि त्यात भरीला तो एमुलेटर चालवला की ८ जीबीचं मशीन एसएसडीवर अदलाबदल करत बसतं. यावर बिनपैशांची तोड आहे: एमुलेटर वापरायचाच नाही. फोनच्या सेटिंगमध्ये 'अबाउट फोन'मधल्या बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारली की डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात. तिथे यूएसबी डिबगिंग चालू करायचं, केबल लावायची, ॲप थेट फोनवर चालतं. एमुलेटरपेक्षा वेगाने चालतं, आणि लॅपटॉपची दोन-तीन जीबी रॅम वाचते. केबल मात्र डेटाची हवी. फक्त चार्जिंगची असेल तर फोन यादीत दिसतच नाही आणि मुलं ड्रायव्हर शोधत बसतात.

सुरुवातीलाच टास्क मॅनेजरच्या 'स्टार्टअप ॲप्स'मध्ये जाऊन टीम्स, वनड्राइव्ह हे बंद करा आणि कंपनीने भरून दिलेला चाचणीपुरता अँटिव्हायरस काढूनच टाका. विंडोजचा स्वतःचा डिफेंडर पुरतो. 

म्हणजे ८ जीबी चालेल, पण एक स्लॉट मोकळा असलेलंच मॉडेल घ्या. तिसऱ्या वर्षाला गरज पडलीच तर वाट बंद नको.

एक सूचना क्रोमबुकबद्दल (विंडोजऐवजी गूगलच्या क्रोमओएसवर चालणारा लॅपटॉप), कारण ते स्वस्त दिसलं की कोणीतरी सुचवतंच: कॉलेजच्या ऑनलाइन परीक्षांना जे लॉक करणारे ब्राउझर लागतात त्यातले काही क्रोमबुकवर चालत नाहीत. त्या वाटेला जाऊ नका.

स्क्रूड्रायव्हर

१३६६ बाय ७६८ असेल तर तो टी४८० सोडाच. त्या मॉडेलमध्ये सुरुवातीची स्क्रीन टीएन होती, ती तीच. फुल एचडी आयपीएसवाला मिळाला तर बोलू. पॅनल बदलता येतं, पण मग पुन्हा आकडेमोड यांचा हिशोब खरा ठरायला लागतो.

लॅटिट्यूड ७४९० टी४८०च्याच पिढीचा, रॅमचे दोन स्लॉट, वजनाने थोडा हलका. बॅटरी एकच आणि आत. तपासणी तीच. डेलचा फायदा असा की तळाचा सर्व्हिस टॅग कंपनीच्या साइटवर टाकला की यंत्र कारखान्यातून काय घेऊन निघालं होतं ते सगळं दिसतं: स्क्रीन कुठली, बॅटरी कुठली. त्याच्याशी ताडून बघा. दुकानदार एचपी एलिटबुक ८४० जी५ दाखवेल, तर त्यातला 'शुअर व्ह्यू'वाला टाळा. शेजाऱ्याला स्क्रीन दिसू नये म्हणून केलेली सोय आहे ती. ती बंद असतानाही स्क्रीन मंद आणि बाजूने काळवंडलेली दिसते.

नव्या लेनोवोच्या रॅमचं उत्तर दुकानदाराकडे मागूच नका. बॉक्सवर दहा अक्षरी मॉडेल नंबर असतो, ८२ किंवा ८३ने सुरू होणारा. लेनोवोची पीएसआरईएफ नावाची साइट आहे, तिथे तो पूर्ण नंबर टाका. 'मेमरी स्लॉट्स' या ओळीत तीनपैकी एक लिहिलेलं असतं: दोन स्लॉट; किंवा काही सोल्डर आणि एक स्लॉट; किंवा स्लॉटच नाही. एकाच नावाच्या आयडियापॅडमध्ये हे तिन्ही प्रकार सापडतात, म्हणून नावावर जाऊ नका, नंबरवर जा. दुकानात डेमो चालू असेल तर टास्क मॅनेजर, परफॉर्मन्स, मेमरी इथे 'स्लॉट्स यूज्ड' दिसतं. सोल्डर केलेली रॅमही तिथे स्लॉट म्हणून मोजली जाते, त्यामुळे 'दोनपैकी एक' दिसलं तर दुसरा बहुधा मोकळा आहे, पण 'दोनपैकी दोन' दिसलं तर काढण्यासारखी स्टिक आहे का ते पीएसआरईएफवरच कळेल.

पुढे स्टिक घेताना डीडीआर४ ३२०० की डीडीआर५, ते आधी बघून घ्या. एकमेकांत बसत नाहीत, खाचच वेगळ्या जागी असते. एसएसडीची लांबीही बघा: अशा काही मॉडेलांत २२४२ म्हणजे ४२ मिलिमीटरची छोटी बसवलेली असते आणि बाजारात सहज मिळते ती ८० मिलिमीटरची २२८०.

तारेवरचा

गावात लाईटचा खेळ असेल तर दोन गोष्टी. खोलीतल्या प्लगला खरं अर्थिंग आहे का ते वायरमनकडून तपासून घ्या. तीन भोकं असली म्हणजे तिसऱ्यात तार असतेच असं नाही. अर्थिंग नसेल तर चार्जिंग चालू असताना धातूच्या बॉडीला हात लावल्यावर मुंग्या येतात आणि टचपॅडवरचा बाण आपोआप उड्या मारतो. लोक टचपॅड खराब म्हणून सर्व्हिस सेंटर गाठतात. चार्जर काढल्यावर बाण शहाण्यासारखा वागत असेल तर दोष भिंतीत आहे. तीन पिनेच्या चार्जरला दोन पिनेचा जोड लावला तरी हेच होतं.

दुसरं, घरचा इन्व्हर्टर जुना स्क्वेअर वेव्ह असेल तर चार्जर गुणगुणतो आणि तापतो. लाईट गेल्यावर बॅटरीवर काम करा, लाईट आल्यावर चार्ज करा. वादळी पावसात प्लग काढून ठेवा.

आकडेमोड

सर्व्हिसचं राहिलंच. वॉरंटी 'ऑनसाइट' (माणूस घरी येतो) आहे की 'कॅरी-इन' (आपण न्यायचा), हे बिलाआधी विचारा. ऑनसाइट असली तरी तुमच्या पिनकोडला माणूस येतो का हे कंपनीच्या टोल-फ्री नंबरवर विचारता येतं, मॉडेल नंबर हाताशी ठेवा. कॅरी-इन असेल तर प्रत्येक बिघाडाला सोलापूर किंवा पंढरपूरची फेरी, आणि मधले आठ दिवस पोर लॅपटॉपविना. पाचशे-हजाराच्या फरकापेक्षा हे जास्त बोचतं.

बिल जीएसटीचंच घ्या, त्यावर सिरियल नंबर लिहिलेला हवा. 'बिल नको असेल तर दोन हजार कमी' याला भुलू नका, वॉरंटीची तारीख वादात आली तर बिलच कामाला येतं.

माणदेशी

पीएसआरईएफवर नंबर टाकून बघितला. त्या आय३वर ८ जीबी सोल्डर आणि एक स्लॉट मोकळा आहे. पॅनल आयपीएस, ३०० निट्स. रॅम डीडीआर४. वॉरंटी एक वर्ष ऑनसाइट, आमच्या पिनकोडला येतात म्हणाले. घासाघीस करून ३६ला तयार झालाय. हाच ठरवतोय. दुकानदार म्हणाला, विंडोज आणि ऑफिस आम्हीच सेटअप करून देतो, तयार मिळेल. चालेल ना?

खटपट्या

घ्या, चांगला सौदा आहे. पण सेटअप त्याच्याकडून करून घेऊ नका. सीलबंद बॉक्स घरी आणा.

विंडोज ११ पहिल्यांदा चालू करताना मायक्रोसॉफ्ट खातं मागतं. दुकानदार तिथे आपलाच एखादा ईमेल टाकून पुढे जातो. दोन भानगडी होतात. एक, लॅपटॉपसोबत ऑफिस होम (पूर्वीचं होम अँड स्टुडंट) येत असेल तर ते ज्या खात्यावर पहिल्यांदा सक्रिय होतं त्याच खात्याशी कायमचं बांधलं जातं. दुसरी जास्त वाईट: नव्या लॅपटॉपवर विंडोज डिस्क आपोआप एन्क्रिप्ट म्हणजे कुलूपबंद करतं आणि त्याची ४८ आकडी रिकव्हरी की त्याच पहिल्या खात्यात ठेवतं. पुढे कधी बायोस अपडेट झालं किंवा बोर्ड बदलला की निळ्या स्क्रीनवर ती की मागते. ती दुकानदाराच्या ईमेलमध्ये असेल आणि त्याला पासवर्ड आठवत नसेल, तर पोरीचा प्रोजेक्ट गेला.

त्यामुळे तिच्या नावाचं खातं, तिचाच फोन नंबर. सेटअप झाल्यावर ब्राउझरमधून त्या खात्यात जाऊन डिव्हाइसेसखाली बिटलॉकरची, म्हणजे त्याच कुलपाची, की दिसते का बघा, वहीत उतरवून घ्या आणि वही लॅपटॉपच्या बॅगेत ठेवू नका. विंडोज 'एस मोड'मध्ये (फक्त स्टोअरमधली ॲप चालू देणारा प्रकार) असेल तर कोडब्लॉक्स वगैरे बसणार नाही. स्टोअरमधून तो फुकटात काढता येतो, परत लावता मात्र येत नाही. लावायची गरजही नाही.

मग लेनोवोच्या साइटवर सिरियल नंबर टाकून वॉरंटीची तारीख बघा. दुकानात पडून राहिलेल्या मालाची वॉरंटी कधी कधी आधीच सुरू झालेली दिसते. बिलाचा फोटो पाठवला की तारीख दुरुस्त करून देतात, पण हे पहिल्याच आठवड्यात करा. त्याच आठवड्यात सगळे पोर्ट, कॅमेरा, माइक आणि स्क्रीनवरचे ठिपके तपासा, कारण बदलून मिळण्याची मुदत साधारण तेवढीच असते. बॉक्स आणि आतलं थर्माकोल तोवर माळ्यावर टाकू नका.

प्रॅक्टिकलवही

मराठी टायपिंगसाठी वेगळं सॉफ्टवेअर घ्यायला नको. सेटिंग्जमध्ये टाइम अँड लँग्वेज, तिथे मराठी भाषा जोडा आणि कीबोर्ड म्हणून 'मराठी फोनेटिक' निवडा. विंडोजची कळ आणि स्पेसबार दाबून इंग्रजी-मराठी बदलता येतं. सरकारी टायपिंगची परीक्षा द्यायचा विचार असेल तर फोनेटिकची सवय लावू नका, त्या परीक्षेला कुठला कीबोर्ड लागतो ते विचारून पहिल्यापासून तोच शिकू द्या.